तीनचा लागतो, मग चारचा का नाही?

‘सर, फाइल करप्ट झालीय. तीनचा फिलेट लागतो, चारचा दिला की लाल होतं.’

संगणकावर यंत्रांच्या पार्टचं त्रिमितीय डिझाइन (कॅड) करायला नव्याने आलेल्या मुलांकडून ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. पाठोपाठ उपायही ठरलेले: सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघड, फाइल नव्या नावाने सेव्ह कर, पुन्हा इन्स्टॉल कर. दाराला लिंबू-मिरची बांधण्यात आणि यात फारसा फरक नाही. कधी काम होतंही, आणि तेवढ्याने श्रद्धा पक्की होते.

फिलेट म्हणजे कोपऱ्याला दिलेली गोलाई; तीन किंवा चार ही तिची मिलिमीटरमधली त्रिज्या. ती जमली नाही की सॉफ्टवेअर कड लाल करून दाखवतं. पूर्वी ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवणारे कारागीर आतल्या कोपऱ्यात मेणाची पट्टी ठेवून, टोकाला गोळा असलेल्या तापवलेल्या हत्याराने ती दाबत नेत. गोळ्याच्या आकाराएवढी गोलाई मिळे. संगणकही मनातल्या मनात तेच करतो. चार मिलिमीटर त्रिज्येचा चेंडू कोपऱ्यातून घरंगळत नेतो. चेंडूचा मध्य दोन्ही पृष्ठभागांपासून कायम चार मिलिमीटरवर असायला हवा. म्हणून प्रत्येक पृष्ठभागाला चार मिलिमीटर अंतरावर एक समांतर पृष्ठभाग उभा करायचा. ते दोन जिथे एकमेकांना छेदतात, ती मध्याची वाट.

आता तुमची रिब, म्हणजे पार्टवरची पातळ उभी भिंत, ३.८ मिलिमीटरच उंच असेल, तर काटकोनी कोपऱ्यात हा चेंडू भिंतीला टेकणार चार मिलिमीटर उंचीवर, म्हणजे भिंत संपल्यावर. किंवा पृष्ठभागाला साडेतीन त्रिज्येचा खळगा असेल, तर चारचा चेंडू तळाला पोचतच नाही आणि तो समांतर पृष्ठभाग स्वतःवरच दुमडतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. चेंडू मावत नसतो.

पण मला जास्त आवडतो तो प्रश्न याच्याही आधीचा: दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदतात म्हणजे नेमकं काय होतं? सपाट प्रतलाने शंकू कापला की वर्तुळ, लंबवर्तुळ वगैरे मिळतात, हे आपण शिकलोय. गाडीच्या बॉनेटचं तसं नाही. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि पुढे रेनो या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत पिएर बेझिए यांनी असे पृष्ठभाग नियंत्रक बिंदूंवरून, म्हणजे हलवले की पृष्ठभागाचा आकार बदलणाऱ्या बिंदूंवरून, घडवण्याची रीत बसवली. सित्रोएनने काम गुप्त ठेवलं, म्हणून नाव बेझिएंचं लागलं. यातला नेहमीचा तुकडा १६ बिंदूंचा. त्यावरची जागा ‘यू’ आणि ‘व्ही’ या दोन आकड्यांनी सांगायची, आणि प्रत्येक सूत्रात दोघांचाही घात तीनपर्यंत.

अशा तुकड्याला एक सरळ रेघ किती ठिकाणी छेदेल? रेघ म्हणजे दोन प्रतलांचा छेद. प्रत्येक प्रतल यू-व्हीच्या कागदावर एक वक्र काढतं, आणि असे दोन वक्र ३×३ + ३×३, म्हणजे १८ बिंदूंत भेटू शकतात. म्हणून या पृष्ठभागाचं एकसंध समीकरण १८ व्या घाताचं. असे दोन पृष्ठभाग छेदले की कड तयार होते १८×१८, म्हणजे ३२४ व्या घाताची! शाळेत वर्गसमीकरणाने घाम फुटायचा, त्याचा घात दोन.

हे कोणी सोडवत बसत नाही. प्रोग्रॅम कडेवर एक बिंदू शोधतो, पाऊल टाकतो, पुढचा शोधतो, आणि त्या बिंदूंवरून साधा वक्र ओढतो. शिवाय कडेच्या तीन प्रती ठेवाव्या लागतात: एक अवकाशातली, दोन त्या-त्या पृष्ठभागाच्या यू-व्ही कागदावरच्या. या तिन्ही तंतोतंत जुळत नाहीत. फट ठरावीक मर्यादेत असली की ‘जुळलं’ असं धरायचं. सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर ज्या भूमितीच्या इंजिनवर चालतं, त्या पॅरासॉलिडमध्ये ही मर्यादा मीटरचा दहा कोटीवा भाग आहे. फ्रीकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरखालच्या ओपन कॅस्केड इंजिनमध्ये मूळ मर्यादा मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. स्क्रीनवरचा ‘सॉलिड’ हा असा आपसांत मान्य केलेला समझोता असतो. एका इंजिनने मान्य केलेली फट दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून बाहेरून आलेल्या फाइलची शिवण उसवते.

सिलिंडर प्रतलाला नेमका टेकवला की घोळ का होतो, तेही यातच आलं. छेद शून्य रेघा, एक की दोन, हे संगणकातल्या आकड्याच्या सोळाव्या अंकावर ठरतं. सिलिंडर दशांश मिलिमीटर आत बुडवा, भांडण मिटतं.

‘वाक्य लिहा, पार्ट तयार’ अशा एआयच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. पण वाक्यातून आलेला फिलेटही शेवटी चेंडू घेऊन त्याच कोपऱ्यात उतरतो.

तर मदत मागताना लाल कडेचा फोटो पाठवू नका. फाइल द्या, ती कुठून आली ते सांगा, आणि कुठल्या त्रिज्येपर्यंत फिलेट लागतो तेही. ३.७९ ला लागतो आणि ३.८१ ला नाही, एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं. मग ३.८ मिलिमीटरचं काय आहे, ते मोजून शोधायचं.

त्या मुलाच्या पार्टमध्ये ती रिबच निघाली. ड्रॉइंगवर त्रिज्या चार लिहिलेली. ग्राहकाला फोन केला, तर म्हणाले, ‘साडेतीन करा की, काय फरक पडतो!’