लघुग्रह-कक्षेतील अनिश्चिततेचे प्रसारण

एखाद्या लघुग्रहाची कक्षा आज जितपत ठाऊक आहे तेवढ्यावरून तो काही वर्षांनी वा शतकांनी कुठे असेल, आणि त्या उत्तरात किती चूक संभवते, हे काढण्याचे गणित. लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता म्हणून जाहीर होणारा प्रत्येक आकडा याच गणितातून येतो.

कक्षा ठरवायला सहा संख्या लागतात. दुर्बिणीच्या वेधांत थोडी चूक असतेच, म्हणून लघुतम वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) सर्व वेधांशी सर्वांत चांगली जुळणारी कक्षा बसवली जाते. सोबत कोव्हेरियन्स मॅट्रिक्स हा संख्यांचा तक्ता मिळतो. सहा संख्यांपैकी प्रत्येकीत किती चूक असू शकते आणि एकीतली चूक दुसरीतल्या चुकीशी कशी बांधलेली आहे, हे त्यात नोंदलेले असते. भूमितीच्या भाषेत हा सहा मितींतला लंबगोलाकार ढग होय. खरा लघुग्रह त्यात कुठेतरी आहे.

ढग पुढच्या काळात नेण्याची सर्वांत स्वस्त पद्धत रेषीय आहे. आजच्या स्थितीत केलेल्या बारीक बदलाने उद्याची स्थिती किती बदलते हे सांगणारी मॅट्रिक्स काढायची आणि तिने आजची कोव्हेरियन्स रूपांतरित करायची. मात्र ढग सर्व दिशांनी सारखा वाढत नाही. अर्धदीर्घ अक्षात (लंबगोल कक्षेच्या लांबीच्या निम्म्यात) चूक असली की प्रदक्षिणाकाळात चूक येते आणि ती साचत जाते. जवळपास वर्तुळाकार कक्षेत अक्ष १ किमीने चुकला, तर लघुग्रह दर प्रदक्षिणेला सुमारे ९.४ किमी पुढे किंवा मागे सरकतो. दहा प्रदक्षिणांत ९४ किमी. त्यामुळे ढग कक्षेच्या मार्गावर ताणला जातो, बाकी दिशांना बारीकच राहतो. पुरेसा ताणला की तो कक्षेबरोबर केळ्यासारखा वाकतो आणि लंबगोलाचे गणित निरुपयोगी ठरते.

मग मॉन्टे कार्लो पद्धत येते. ढगातून हजारो, लाखो काल्पनिक लघुग्रह निवडून प्रत्येकाची कक्षा स्वतंत्रपणे पुढे सोडवायची आणि किती आदळले ते मोजायचे. ही सर्वांत प्रामाणिक पद्धत, पण महागडी. दहा लाखांत एक इतकी शक्यता पकडायची तर कित्येक दशलक्ष नमुने चालवावे लागतात. आंद्रेआ मिलानी आणि पिसा येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी ढगाच्या लांबट आकाराचाच फायदा घेतला. ढगाच्या कण्यातून जाणाऱ्या एकाच वक्ररेषेवर नमुने घेतले की बहुतेक काम भागते. यांखेरीज उच्च कोटीच्या टेलर श्रेणी (रेषीय गणिताला जोडलेली पुढची पदे), ढगाचे अनेक लहान गॉसीय (घंटाकृती वितरणाच्या) ढगांत विभाजन, बहुपदी विस्तार अशा मधल्या वाटाही वापरात आहेत.

ग्रहाजवळून जाणे हा या गणितातला सर्वांत अवघड टप्पा. पृथ्वीचे गुरुत्व काही किलोमीटरांचा फरक पुढच्या वर्षांत लाखो किलोमीटरांवर नेऊ शकते. म्हणून भेटीच्या जागी येणाऱ्या वेगाला लंब असे एक प्रतल कल्पून ढगाचा छेद त्यावर काढतात. त्या प्रतलावरील ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून गेल्यास लघुग्रह पुढच्या ठरावीक वर्षी परत येऊन आदळेल, त्याला ‘कीहोल’ म्हणतात. अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाणार आहे. त्या भेटीतील, २०३६ च्या आघाताकडे नेणारी कीहोल जेमतेम ६०० मीटर रुंद आहे. मार्च २०२१ मधील रडार वेधांनंतर पुढील किमान शंभर वर्षांसाठी अपोफिसच्या आघाताचा धोका निकालात निघाला.

इतक्या बारकाईत गुरुत्व एकटे पुरत नाही. तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकताना लघुग्रहाला अत्यंत सूक्ष्म ढकल देतो. हा यार्कोव्स्की परिणाम. अपोफिसचा अर्धदीर्घ अक्ष त्यामुळे वर्षाला सुमारे २०० मीटरने घटतो. ऐकायला क्षुल्लक, पण मार्गावरचे विस्थापन काळाच्या वर्गाने वाढते आणि दहा वर्षांत सुमारे १०० किमीवर जाते. असे जादा चल धरले की सहाच्या सात मिती होतात आणि एका रेषेवरचे नमुने नेहमी पुरत नाहीत. नासाच्या जेपीएल (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी) या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये आणलेली ‘सेंट्री-२’ ही आघाताच्या शक्यता काढणारी प्रणाली म्हणूनच वेगळी युक्ती करते: ‘आघात झाला’ हाच एक कृत्रिम वेध मानून कक्षा बसवते आणि ती खऱ्या वेधांशी जुळते का ते तपासते.

शक्यतेचा आकडा वाढला म्हणजे लघुग्रह जवळ सरकला, असा समज सर्रास होतो. शक्यता ही आपल्या माहितीबद्दल असते. नवे वेध मिळाले की ढग आक्रसतो. पृथ्वी अजून त्याच्या आत असेल, तर तिचा हिस्सा वाढतो आणि ती बाहेर पडली की आकडा कोसळतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेल्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाचे नेमके हेच झाले. २२ डिसेंबर २०३२ च्या आघाताची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवडाभरात नगण्य झाली.

प्रसारणाची पद्धत कितीही चोख असली तरी सुरुवातीचा ढगच चुकीचा असेल तर ती लंगडी पडते. वेधांना दिलेले वजन आणि जुन्या तारासूचींतील (ताऱ्यांच्या जागांच्या याद्यांतील) पद्धतशीर चुका हे यातले नेहमीचे दोषी. सूचीत ताऱ्याची जागाच सरकलेली असेल तर त्याच्या आधाराने मोजलेले सर्व वेध एकाच दिशेला सरकतात आणि नुसत्या सरासरीने ती चूक कटत नाही. त्यामुळे जुन्या वेधांत सूचीनुसार दुरुस्ती करतात, आणि नवे वेध आता ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तारासूचीवरून मोजले जातात.