बारा बोअर घेण्याआधी: क्लेला आणि पाखरांना एकच बंदूक चालेल का?

"क्ले पण मारीन, शिकार पण करीन, अशी एकच दाखवा." काउंटरवर हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्रक छापून घेतलं. क्ले म्हणजे नेमासाठी यंत्राने हवेत फेकलेली चकती, आणि बारा बोअर हे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचं माप. बंदूक दाखवतोच. पण शिकारीचं आधी सांगून टाकतो, मागाहून वाद नको.

गोव्यातच काय, देशात कुठेही पाखरांची शिकार करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा रानकोंबड्याला लागू आहे, तितराला आहे, रानबदकालाही आहे. मोर तर पहिल्या अनुसूचीत. तिथे तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड. शेतीसंरक्षणाचं लायसन्स असलं म्हणून यात सूट मिळत नाही. रानडुक्कर कुळागरात शिरला तरी त्याला मारायची परवानगी वनखात्याकडून यावी लागते, आमच्या बिलावर ती छापलेली नसते.

मग पाखरांसाठी विचारतं कोण? बहुतेक वेळा पोर्तुगालला किंवा इंग्लंडला राहणारा भाऊ, जावई, पुतण्या. चवथीला घरी येतो आणि विचारून जातो. तिकडे ठरलेल्या हंगामात, तिथल्या परवान्यावर तांबड्या पायांचा तितर किंवा फेझंट मारता येतो. तो बंदूक तिकडेच घेणार, सल्ला मात्र आमचा हवा. दुसरे म्हणजे इथले तरुण, जे ट्रॅप किंवा स्कीट हे क्लेचे खेळ खेळायला लागलेत. दोघांच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास एकच निघतं.

कारण हा खेळ शिकारीतूनच आलाय. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेम धरले होते. स्कीट तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या पाखरमाऱ्यांनी सरावासाठी काढलेला खेळ. आधी ते पूर्ण वर्तुळात फिरून मारायचे. शेजाऱ्याने कोंबड्या पाळल्या आणि छर्रे तिकडे जायला लागले, म्हणून अर्धं वर्तुळ केलं. आजही स्कीटचं मैदान अर्धवर्तुळच आहे. शेजाऱ्याच्या कोंबड्यांवरून गावात काय काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

चकती ११० मिलीमीटरची, वजन साधारण १०५ ग्रॅम. नाव 'क्ले', पण माती नसते त्यात. डांबर आणि चुनखडीची भुकटी असते. ट्रॅपमध्ये ती तुमच्यापासून लांब पळते. ३० मीटरच्या पुढे फोडावी लागते, आणि बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते. स्कीटमध्ये ती आडवी जाते, वीसेक मीटरच्या आत. ऑलिंपिक पद्धतीत चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवायचा. शेतातून अचानक उठणारा तितर म्हणजे दुसरं काय?

म्हणून निव्वळ ट्रॅपची बंदूक दोन्ही कामांना घेऊ नका. ती ३० ते ३२ इंच नळीची, पावणेचार किलोच्या आसपास, आणि मुद्दाम जरा वर मारणारी असते, कारण ट्रॅपची चकती चढती असते. दिवसभर खांद्यावर घेऊन चालाल तर संध्याकाळी तिला शिव्या द्याल. उलट सव्वातीन किलोच्या आतली हलकी फील्ड गन चालायला छान, पण सरावाला १०० काडतुसं मारलीत की दुसऱ्या दिवशी जेवताना हात वर जात नाही.

आमचं मत: वरखाली दुनळी, १२ बोअर, २८ किंवा ३० इंच नळी, ७० मिलीमीटरची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), बदलता येणारे चोक आणि वजन साडेतीन किलोच्या आगेमागे. अशा बंदुकीला बाहेर 'स्पोर्टर' म्हणतात. आडवी दुनळी दिसायला देखणी आणि आमच्या आवडीची. पण क्लेवर नवशिक्याला दोन नळ्यांची रुंदी डोळ्यापुढे आडवी येते. पंप ॲक्शन स्वस्त आणि दणकट. फक्त स्कीटला दोन चकत्या एकदम सुटल्या की दुसरा बार काढायला पुढची मूठ मागे-पुढे ओढावी लागते, तेवढ्यात चकती गेलेली असते.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली बारीक आवळ. ती जितकी जास्त, तितके छर्रे लांबवर एकत्र राहतात. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोकचे साधारण ७० टक्के छर्रे पडतात, हाफचे ६०, पाव चोकचे ५५, सिलिंडरचे (म्हणजे आवळ नसलेल्या नळीचे) ४०. स्कीटला सिलिंडर किंवा स्कीट चोक, ट्रॅपला थ्री-क्वार्टर किंवा फुल. एकच जोडी बसवून विसरून जायचं असेल तर पाव आणि हाफ. क्लेला साडेसात ते नऊ नंबरचा छर्रा. ऑलिंपिक नियमात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रा चालत नाही. सरावालाही तेवढाच पुरतो, खांदाही वाचतो.

युरोपात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी आणि तिच्या १०० मीटरच्या आत शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. तिथे स्टीलचा छर्रा लागतो, आणि तो फुल चोकमधून मारायचा नसतो. जोरदार स्टील काडतुसासाठी तपासलेल्या नळीवर लिलीच्या फुलासारखा छोटा शिक्का असतो. घेताना तो बघा.

आता खरी गोष्ट, जी किमतीच्या पाटीवर नसते. बंदूक अंगाला बसली पाहिजे. आमच्याकडे आलात की आधी आम्ही ती उघडून, नळ्या रिकाम्या असल्याचं तुम्हाला दाखवतो. मग बंद करून हातात देतो. डोळे मिटा, सुरक्षित दिशेला नेहमीसारखी खांद्याला लावा, डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी आणि नळीवरची पट्टी सरळ एका रेषेत दिसली तर ठीक. पट्टी चढणीसारखी लांबच लांब दिसली तर गाल उंच बसतोय. पट्टीच दिसत नाही, नुसतं नळीमागचं लोखंड दिसतं, तर गाल खाली. दस्ता तासून किंवा दस्त्यावर पट्टी लावून हे सुधारता येतं. कुठला डोळा जोरकस तेही बघून घ्या: दोन्ही तळहातांत छोटी खिडकी करून भिंतीवरचं घड्याळ पाहा, मग एकेक डोळा मिटा. उजवा मिटल्यावर घड्याळ गायब झालं तर उजवा डोळा जोरकस. कुणाकुणाचा हात उजवा आणि डोळा डावा निघतो. त्याला महागडी बंदूक विकून आम्हाला पाप लागेल.

आजोबांची बंदूक

सत्तरी तालुक्यातले एक गृहस्थ जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आडवी दुनळी घेऊन आले. नळ्या आरशासारख्या. म्हणाले, हिनेच क्ले शिकतो. नळीखाली शिक्का होता अडीच इंच, म्हणजे ६५ मिलीमीटरची चेंबर. आजचं ७० चं काडतूस तिच्यात आरामात शिरतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड पुढे उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. जुनी बंदूक शिक्का वाचल्याशिवाय मारू नका. आणि १२ च्या पिशवीत २० बोअरचं काडतूस कधीही ठेवू नका. ते १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून १२ चं बसतं, आणि नळी फाटते. २० चं काडतूस पिवळं असतं ते याचसाठी.

पावसाळा

जूनमध्ये पेटीत ठेवलेली बंदूक चवथीला काढलीत तर नळीवर बोटांचे ठसे तांबडे झालेले दिसतील. घामातलं मीठ आणि आपली खारी हवा. ठेवण्याआधी गन ऑइलचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको. स्पंजच्या अस्तराची पेटी ओल धरते. ती प्रवासापुरतीच, घरी बंदूक कुलपाच्या कपाटात उभी.

कागदपत्रं

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन्स पाच वर्षांचं असतं. सरावाला दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर जाणार असाल तर लायसन्स फक्त गोव्यापुरतं नाही ना, हे आधी बघा. २० इंचांहून आखूड नळीची बंदूक मागू नका, ती साध्या लायसन्सवर बसत नाही. निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा हुकूम येतो. जमा करताना नंबर लिहिलेली पावती घ्या आणि नळ्यांचा फोटो काढून ठेवा, परत मिळताना उपयोगी पडतो.

दुकानात येताना लायसन्सची मूळ प्रत आणा. आणि ज्या कपड्यांत मारणार तेच घालून या. पातळ सदऱ्यावर मापलेला दस्ता लिस्बनच्या थंडीत जाकिटावर लांब होतो.