फोटो 'क्लिअर' करून पाठवू नका
(फोटोवरून तैलचित्र करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

जुना फोटो धूसर असतो म्हणून बरेच जण तो मोबाइलच्या ॲपमध्ये घालून 'क्लिअर' करतात आणि मग आम्हाला पाठवतात. कृपया असं करू नका. धूसर भागात ॲप स्वतःच्या मनाने डोळे, दात, कातडी भरतं. मागच्या वर्षी अशाच फोटोवरून एका आजोबांचं चित्र आम्ही तीन आठवडे रंगवलं. आजी बघून म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत." मूळ फोटो आणल्यावर उलगडा झाला. डाव्या भुवईतला व्रण ॲपने बुजवला होता, खालचा ओठ जाड केला होता. सगळा चेहरा खरवडून पुन्हा काढावा लागला.

मूळ फोटोच द्या. पिवळा पडलेला, डागाळलेला चालतो. डाग कुठला आणि तीळ कुठला, ते तुम्हालाच विचारतो. पासपोर्ट आकाराचा फोटो आम्ही १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन करून घेतो, त्याचे पैसे लावत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो, फ्रेमसकट आणा. मोबाइलमधला फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

"फोटोवरूनच काढायचं, मग त्यात कला ती काय?" असंही विचारतात. अमेरिकेतले चक क्लोज (१९४०–२०२१) आयुष्यभर फोटोवरूनच चेहरे रंगवत आले. फोटोवर ग्राफ टाकायचा, तसाच कॅनव्हासवर, आणि एकेक घर भरत जायचं. १९६७-६८ मधलं त्यांचं स्वतःचं व्यक्तिचित्र जवळजवळ नऊ फूट उंच आहे. ओठातली सिगारेट, दाढीचे खुंट, सगळं काळ्या-पांढऱ्यात. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, सपाट फोटोतले मात्र राहत. १९८८ साली पाठीच्या कण्यातली रक्तवाहिनी बंद पडून अंग लुळं झालं, तरी हाताला ब्रश बांधून ते घरं भरत राहिले.

आम्हीही ग्राफ टाकूनच काम करतो. डोळ्याच्या एका घरात कधी अख्खा दिवस जातो, म्हणून १८ बाय २४ इंचांच्या चित्राला सहा आठवडे लागतात. वर्षश्राद्धाला हवं असेल तर तारीख आधी सांगा. रंग लावण्याआधी पेन्सिलीचं रेखाटन दाखवतो. ते बघायला त्या माणसासोबत राहिलेलं कुणीतरी जरूर यावं.

तैलरंग आतून सुकायला वेळ घेतो. सहा महिन्यांनी चित्र परत आणा, वार्निश आम्ही मोफत करून देतो.