एझेड-परंपरेची कूट शब्दकोडी

ब्रिटनमधील रविवारच्या वृत्तपत्रांत रुजलेला अतिकठीण इंग्रजी शब्दकोड्यांचा प्रकार. ‘एझेड’ हे त्यातील एका रचनाकाराचे टोपणनाव. यातील प्रत्येक सूत्र (क्लू) म्हणजे एक स्वतंत्र कूट असते. उत्तरे बहुधा जुनी, प्रांतिक किंवा केवळ कोशातच उरलेली असतात. साधारण चौकट १२ × १२ घरांची असून तीत काळी घरे नसतात. शब्द जाड रेघांनी वेगळे केलेले असतात, त्यामुळे आडव्या-उभ्या शब्दांची छेदणारी अक्षरे नेहमीच्या कोड्याहून बरीच अधिक मिळतात. एवढी सवलत नसती, तर ही कोडी सोडवणे जवळजवळ अशक्यच झाले असते.

कूट सूत्राला दोन अंगे असतात. एकात उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्यात त्याच उत्तराच्या अक्षरांची फोड. शिवण दिसू नये अशा बेताने दोन्ही एका वाक्यात जोडलेली असतात. मराठीत करून पाहायचे तर: ‘पहिला स्वर, मग कवठातला मऊ भाग : रत्नाकर (३)’. सा आणि गर मिळून सागर. रत्नाकर म्हणजे कोणी गृहस्थ नव्हे. किंवा ‘नवरा जागा झाला की आत सापडतो नृपती (२)’. इथे ‘नवरा जागा’ या अक्षरांच्या पोटात ‘राजा’ बसलेलाच आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ही करामत नवी नाही. ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’ या कूटश्लोकात कृष्ण पडल्याचा आनंद द्रोणाचार्यांना झालेला नसतो. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवं’ म्हणजे प्रेत, आणि द्रोण म्हणजे डोमकावळा. ओळखीच्या नावाआड आडवळणाचा अर्थ दडवण्याचा हा खेळ एझेडच्या चाहत्याला लगेच कळावा.

सोडवण्याची रीत. नेहमीच्या कोड्यात आधी शब्द सुचतो आणि फोड मागाहून पटते. इथे क्रम उलटा. शब्द माहीतच नसतो, म्हणून फोडीवरून तो अक्षर-अक्षर रचायचा, उच्चारून पाहायचा आणि मग कोशात आहे का ते तपासायचे. समजा सूत्र असे आहे: ‘बंडात उतरलेला टोरी, हिंदुस्थानातला शेतकरी (४)’. ‘बंड’ म्हणजे अक्षरांची उलथापालथ करा असा इशारा. टी, ओ, आर, वाय या चार अक्षरांतून ट्रॉय निघतो, नवशिका या अर्थाचा ‘टायरो’ निघतो आणि आर-वाय-ओ-टी असा एक विचित्र दिसणारा शब्दही निघतो. छेदणाऱ्या शब्दामुळे दुसऱ्या घरात वाय आला की ट्रॉय बाद. तिसऱ्या घरात ओ आला की टायरोही बाद. उरलेला शब्द लंडनच्या वाचकाला कोश उघडूनच पडताळावा लागतो. मराठी वाचक मात्र तो पाहताच हसेल, कारण ती आपली रयत आहे.

म्हणून या परंपरेत कोश पाहणे ही लबाडी मानत नाहीत. कोश हाताशी असणार हे गृहीतच असते. ‘शब्द अवघड म्हणून कोडे अवघड’ हा समज अर्धाच खरा आहे. शब्द जितका अनोळखी, तितकी फोड चोख ठेवणे रचनाकाराला भाग पडते, कारण सोडवणाऱ्याला दुसरा आधारच नसतो. रोजच्या शब्दांच्या कोड्यात ढिसाळ सूत्र खपून जाते, इथे खपत नाही.

कोश. प्रमाण मानला जातो तो चेंबर्स. १९०१ साली ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी डिक्शनरी’ या नावाने आलेला हा स्कॉटिश कोश एका खंडात प्रचंड शब्दसंग्रह सामावतो. स्कॉटिश बोलीतील शब्द, शेक्सपिअरचे एकदाच आलेले शब्द आणि सोळाव्या शतकातील कवी एडमंड स्पेन्सरची मुद्दाम जुनाट केलेली वर्णलेखने त्यात नोंदलेली आहेत. सूत्रात ‘ग्लासगोत’, ‘पूर्वी’ किंवा ‘स्पेन्सरचा’ असे काही डोकावले, तर कोशाच्या कोणत्या कोपऱ्यात शोधायचे ते कळते. कोश रुक्ष नाही. ‘इक्लेअर’ या केकची त्याने केलेली व्याख्या, लांबीने मोठा पण आयुष्याने छोटा, प्रसिद्धच आहे. वसाहतकाळातून आलेले पेशवा, खरीप, रबी, लाठी असे शब्दही त्यात आहेत. यांतील रबी तर रचनाकाराला आयतीच मिळालेली. ‘अरेबिक’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग घेऊन पहिले आणि शेवटचे अक्षर काढले की आर-ए-बी-आय उरते, आणि हा शब्द मुळात अरबीच आहे.

परंपरा. एडवर्ड पॉइस मॅदर्स (१८९२–१९३९) यांनी १९२६ पासून अखेरपर्यंत ‘द ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या ब्रिटिश वृत्तपत्रात ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी रचली. टॉर्कमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायपीठाचा छळासाठी कुप्रसिद्ध असलेला मुख्य न्यायाधीश. मॅदर्स भाषांतरकारही होते. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे त्यांनी केलेले स्वैर इंग्रजी रूपांतर १९१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांची सूत्रे कल्पक असत, पण नियमांना फारशी बांधलेली नसत.

शिस्त आणली ती डेरिक सॉमरसेट मॅकनट (१९०२–१९७१) यांनी. शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या या गृहस्थांनी ‘झिमेनीझ’ हे दुसऱ्या एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेऊन १९३९ पासून मृत्यूपर्यंत तीच जागा चालवली. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सूत्ररचनेचे नियम मांडले. नेमकी व्याख्या, न्याय्य फोड आणि त्याखेरीज एकही फालतू शब्द नाही, हे त्यांचे सार. त्याआधी ‘आफ्रीट’ या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते: जे म्हणाल तेच तुमच्या मनात असले पाहिजे असे नाही, पण मनात असेल ते शब्दांत यायलाच हवे.

मार्च १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी ‘एझेड’ हे नाव लावले. डेझा या धर्मन्यायाधीशाचे हे उलटे रूप, शिवाय ‘ए ते झेड’ हा श्लेष. क्राउदर पेशाने कोशकार. ऑक्सफर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची १९९५ ची पाचवी आवृत्ती त्यांनी संपादित केली. तो जाडजूड कोश महाराष्ट्रातही अनेक घरांत इंग्रजीच्या अभ्यासासाठी आला. विद्यार्थ्यांसाठी सोप्या व्याख्या करणारा आणि जाणत्यांना कोड्यात टाकणारा माणूस एकच होता.

प्रकार. ‘प्रिंटर्स डेव्हिलरी’ ही आफ्रीटची कल्पना. अर्थपूर्ण वाक्यातून उत्तराची अक्षरे गाळायची आणि भोक बुजवायचे. ‘वादळात बोटी सात बुडाल्या’ हे वाचून संख्येच्या मागे लागू नये. मूळ वाक्य ‘बोटी सागरात बुडाल्या’, उत्तर ‘गरा’. ‘प्लेफेअर’ प्रकारात काही उत्तरे १८५४ साली चार्ल्स व्हीटस्टनने शोधलेल्या सांकेतिक लिपीत भरावी लागतात. याच कुळातील ‘मेफिस्टो’ हे कोडे ‘संडे टाइम्स’मध्ये १९५९ पासून आहे. सर्वांत दुर्गम मानले जाते ते ‘लिसनर’. बीबीसीच्या त्या नावाच्या साप्ताहिकात ते १९३० साली सुरू झाले आणि १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडल्यावर ‘द टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात गेले. त्यात चौकट भरली की काम संपले असे नसते. भरलेल्या अक्षरांतून आणखी काही शोधायचे असते.

झिमेनीझ आणि एझेड यांच्या स्पर्धांत कोडे सोडवून पाठवणे पुरत नसे; दिलेल्या शब्दावर स्वतः सूत्र रचून पाठवावे लागे. रहस्यकथाकार कॉलिन डेक्स्टर या स्पर्धांत उतरत. त्यांचा इन्स्पेक्टर मॉर्स हे आडनाव वागवतो ते सर जेरेमी मॉर्स या बँकरच्या, म्हणजे डेक्स्टर यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या, आदरापोटी.

मराठीत. भारतात ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी दैनिकांनी कूट कोड्यांची गोडी लावली, पण ती काळ्या घरांची आणि बहुतांशी चालू शब्दांची. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी जवळजवळ सगळी सरळ अर्थाची असतात. अडचण लिपीची आहे. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर बसते. मराठीत मात्रा व्यंजनाला चिकटलेली राहते आणि जोडाक्षर एकाच घरात कोंबावे लागते. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ फार मर्यादित होते. ‘वानर’ची घरे कशीही फिरवली तरी ‘नवरा’ होत नाही. त्यासाठी व वरचा काना काढून र ला द्यावा लागतो, आणि तशी मुभा द्यायची की नाही हे रचनाकाराने आधीच सांगावे लागते.