पामबीचवर शर्यत कशी आली

रात्री एक-दीडच्या सुमारास नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या उंच इमारतींत खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा आहे. आधी लांबून गुणगुण, मग सायलेन्सरचे फटाके, आणि काही क्षणांत सगळं बेलापूरच्या दिशेने विरून जातं. ‘पोरं बिघडली’ म्हणून आपण कूस बदलतो. पण रात्रीच्या या मोटरसायकल शर्यतींचं मूळ पोरांइतकंच रस्त्यातही आहे.

17 मार्च 1970 रोजी सिडको ही राज्य सरकारची कंपनी स्थापन झाली ती सुमारे वीस लाख लोकांसाठी नवं शहर वसवायला. रस्ते उद्याच्या गर्दीच्या मापाने आखले गेले, गर्दी मात्र सावकाश आली. वाशी ते बेलापूर हा पामबीच मार्ग त्याचं टोकाचं उदाहरण: सहा पदरी, जवळजवळ सरळ, एका बाजूला लांबवर खारफुटी. तिकडून गल्ल्या फुटत नाहीत, दुकानं नाहीत, रिक्षा आडव्या येत नाहीत. वेगमर्यादेची पाटी आहे, पण असा रस्ता पाटीच्या उलटच सांगत असतो. ठाण्यात घोडबंदर रोड रुंद असला तरी रात्रभर ट्रक-कंटेनर चालू असतात. तिथे गाडी ताणायची हिंमत सगळ्यांची होत नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. 1985 मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स 100 ची ताकद 11 अश्वशक्ती. तिच्या आवाजावर एक अख्खी पिढी भाळली (आमच्या कॉलेजात ती ज्याच्याकडे असे, त्याला वेगळं नाव लागत नसे). 2001 मध्ये पल्सर आली आणि जोरदार गाडी मध्यमवर्गीय घरात हप्त्यावर शिरली. 2012 ला केटीएम ड्यूक 200 आली, 25 अश्वशक्तीची. पुढच्याच वर्षी ड्यूक 390, 43 ची. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत पोरांच्या मुठीतली ताकद चौपट झाली, आणि लायसन्सची परीक्षा आठचा आकडा काढण्यापाशीच राहिली.

कायदा यात कुठे होता? 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 189 नेमकं शर्यतीसाठीच आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावली, तर आधी एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड होता. दंडाची कमाल मर्यादा होती पाचशे रुपये. एवढी तर पैजच असते! 2019 च्या दुरुस्तीने ती पाच हजारांवर आणि कैद तीन महिन्यांवर नेली, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. त्याच दुरुस्तीतलं 199अ जास्त झोंबणारं आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा नाही. अडचण पुराव्याची. दोन गाड्या जवळून सुसाट गेल्या म्हणजे शर्यतच होती, हे सिद्ध करावं लागतं. त्यापेक्षा धोकादायक चालवण्याचं कलम 184 लावणं सोपं.

लेखी परवानगीची तरतूद मला फार बोलकी वाटते: म्हणजे मागितली तर शर्यत कायदेशीरही होऊ शकते. बैलगाडा शर्यतीवर 2014 ला बंदी आली, लोक भांडले, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम परवानगीने नियमांत राहून गाडे पुन्हा पळू लागले आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मोटरसायकलच्या धावपट्टीसाठी ठाणे-नवी मुंबईत असं कुणी भांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग उरतो पामबीच.

मोबाइलने खेळाचा प्रेक्षक बदलला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. पूर्वी शर्यत पाहायला चार मित्र असत. आता पाहणारे घरी पलंगावर असतात, म्हणून व्हीलीही (पुढचं चाक उचलून चालवणं) हवी आणि नंबरप्लेट वाकवलेलीही.

आणि ज्याला आपण रिकामा रस्ता म्हणतो, तो रिकामा कधीच नव्हता. सारसोळे गाव रस्त्याच्या एका बाजूला, गावाची जेट्टी दुसऱ्या बाजूला खाडीवर. कोळ्यांची वेळ सिग्नल नाही, भरती-ओहोटी ठरवते, म्हणजे पहाटे तीनलाही रस्ता ओलांडावा लागतो. एका बाजूचे तीन पदर साधारण दहा-बारा मीटर. जाळं-टोपली घेतलेल्या माणसाला नऊ-दहा सेकंद लागतात. ताशी 120 ने येणारी गाडी तेवढ्यात तीनशे मीटर तोडते. पहिलं पाऊल टाकताना ती दिव्याचा ठिपका असते.