शहापूरची रंगपंचमी, संकेश्वरची मिरची

बेळगावात रंग दोनदा उडतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, शहराच्या जुन्या गल्ल्या, बाजारपेठ, कॅम्प सगळं न्हाऊन निघतं. त्याच दिवशी शहापुरात मात्र पांढरा सदरा घालून खुशाल फिरावं. शहापूरवाले रंग खेळतात रंगपंचमीला. दोन्ही भागांच्या मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, बस्स. नवा पाहुणा विचारतो, "एकाच गावात दोन दिवस कसे काय?" आणि त्याला उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि बेळगाव कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडं राहिलं. जुनी माणसं सांगतात ती एवढीच गोष्ट: संस्थानात रंग पंचमीला, म्हणून शहापुरातही पंचमीला. 1948 मध्ये सांगली संस्थान विलीन झालं. पुढं शहापूर बेळगाव शहरातच मिसळून गेलं. मुंबई राज्य गेलं, म्हैसूर राज्य आलं, त्याचं 1973 मध्ये कर्नाटक झालं. रंगाचा दिवस काही हलला नाही.

माणसं परमुलखात जाताना आपले सण आणि आपलं खाणं बरोबर कसं नेतात, हा विषय निघाला की हल्ली लंडनचा गणपती आणि अमेरिकेतली दिवाळी आठवते. त्याआधी सीमाभाग बघावा असं मला वाटतं. इथं माणसं हलली, कधी माणसं जागेवरच राहून सीमा हलली, आणि कधी दोन्ही जागेवर असताना नुसता माल हलला. तिन्ही तऱ्हा एका जिल्ह्यात बघायला मिळतात.

माणसं हलल्याचं सोपं उदाहरण म्हणजे कुंदा. बेळगावहून रिकाम्या हातानं गेलात तर सोयरे तोंड वाकडं करतात, इतका तो आता बेळगावचा आहे. पण तो बनवला राजस्थानातून आलेल्या मारवाडी मिठाईवाल्यांनी. गोष्ट अशी सांगतात की दूध चुलीवर ठेवून हलवाई विसरला, ते आटत आटत तांबूस झालं, फेकवेना म्हणून साखर घालून परतलं आणि कुंदा झाला. अशी 'चुकून झालं' छापाची गोष्ट प्रत्येक गावाच्या मिठाईला चिकटलेली असते, तेव्हा ती चिमूटभर मिठासह घ्यावी. मारवाडातली कारागिरी आणि इथल्या म्हशींचं दूध यांची गाठ पडली, एवढं त्यातलं नक्की. गोकाकच्या करदंटाचं तसं नाही. ते नावापासून इथलंच: कन्नडमध्ये 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक.

सीमा हलली ती 1 नोव्हेंबर 1956 ला. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तो दिवस कन्नड शेजाऱ्यांकडं राज्योत्सव आणि मराठी माणसांकडं काळा दिन. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, 2004 मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, हे सगळं वेगळं लिहायला हवं आणि लिहिलंही भरपूर गेलंय. इथं मुद्दा एवढाच की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसानं घर सोडलं नाही, तरी त्याचा सण परराज्यातला सण झाला.

आणि परराज्यातला सण जपताना एक गंमत होते. शिवजयंती घ्या. महाराष्ट्र सरकारनं इतिहासकारांचं म्हणणं मान्य करून 19 फेब्रुवारी ठरवली. पुण्या-मुंबईच्या पुढच्या पिढीला आता तीच तारीख तोंडपाठ. बेळगावात आजही मोठी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. मग रात्री चित्ररथांची मिरवणूक निघते, गल्लीगल्लीचे मावळे, पोवाडे, ऐतिहासिक देखावे, आणि पहाटेपर्यंत सगळं शहर रस्त्यावर असतं. कागदोपत्री कोणती तारीख बरोबर, हा वाद इथल्या मंडळांना ऐकून माहीत आहे. त्यांचं म्हणणं साधं असतं: आजोबांनी ज्या दिवशी गाडी जुंपली, त्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर जुंपतो. मूळ मुलखात रीत बदलते आणि तुटलेल्या फांदीवर जुनी राहते, असं अनेक देशांत गेलेल्या माणसांबद्दल म्हणतात. इथं तर कुणी गेलंच नव्हतं, तरी तसंच झालं.

उलटा प्रवासही आहे, त्याची चर्चा कमी होते. बाकी महाराष्ट्र श्रावण अमावास्येला पोळा करतो. कोल्हापूर भागात बैलांचा सण बेंदूर, आणि तोही दोनदा. ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि पुढं आषाढात महाराष्ट्राचा बेंदूर. इचलकरंजीत कर्नाटकी बेंदूर धूमधडाक्यात होतो. ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे कन्नड शेतकऱ्याची 'कार हुण्णिमे', बैल रंगवून पळवायचा दिवस. महाराष्ट्रातलं गाव, मराठी बोलणारा शेतकरी, आणि सणाच्या नावातच 'कर्नाटकी'. त्याला कुणी फलक लावून विरोध केल्याचं ऐकिवात नाही.

तसंच सौंदत्तीच्या यल्लम्माचं. डोंगर बेळगाव जिल्ह्यात, आणि मार्गशीर्षात तिथं कोल्हापूरकडच्या गाड्यांची रांग लागते. दर्शन झालं, माणसं परत आली, की कोल्हापुरात रेणुकेची आंबील यात्रा भरते. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, वडी-भाकरी, वरण्या-वांग्याची भाजी, दहीभात, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य डब्यांतून देवळात येतो. आंबील म्हणजे कन्नड घरातली अंबली. डोंगर काही बरोबर आणता येत नाही, म्हणून डोंगरावरचं ताट आणलं. माझ्या आजीला कन्नड दहा शब्दांपलीकडं येत नव्हतं, पण यल्लम्माचं नाव निघालं की ती हात जोडून "उदं गं आई" म्हणायची आणि लगेच विचारायची, "आंबील आंबट झालीय काय बघा गं."

दसऱ्याचं तर वाक्यच एक आहे. आमच्या शेजारच्या अक्का पानं हातात देताना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." आम्ही म्हणतो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." त्यांची बन्नी म्हणजे शमी, आमचा आपटा. संध्याकाळी खिशात दोन्ही पानांचा चुरा सापडतो. गौरीचं मात्र जमत नाही: कर्नाटकात स्वर्णगौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला बसते, त्या दिवशी आमच्याकडं हरतालिका, आणि गौर येते ती गणपतीनंतर. त्यामुळं भाद्रपदात दोन्ही घरांची ताटं एकमेकांकडं जातात ती वेगवेगळ्या दिवशी. खाणाऱ्याचा फायदाच.

आता ताटाकडं येऊ. सणाच्या दिवसाला गल्ली राखण असते: सगळे त्या दिवशी खेळतात म्हणून तुम्हीही खेळता. चुलीवर अशी राखण नसते. घरात सून येते, आणि सून ही या भागातली सगळ्यात जुनी स्थलांतरित. कोल्हापूरची लेक बेळगावात, बेळगावची धारवाडला, निपाणीची मिरजेला. प्रत्येक जण माहेरचं काहीतरी डब्यात घालून आणते, आणि सासूनं नाक मुरडलं तरी पाच वर्षांत ते घराचं होतं. कोशिंबीर आणि कोसंबरी, कडबू आणि कडुबु, चकली आणि चक्कुली, सांडगे आणि संडिगे यांत कोण कुणाकडून आलं हे शोधत बसलं तर जेवण गार होईल. पुरणपोळीचा कट काढून आमटी करतात, तिला उत्तर कर्नाटकात कट्टिन सारु म्हणतात. पोळीला होळगी. आमच्या घरी तर एकाच वाक्यात, "होळगी दोन वाढ आणि कटाची आमटी आण", असं सर्रास चालतं.

मांडे आणखी जुने. परातीएवढा पातळ, उपड्या मडक्यावर भाजलेला, आत पिठीसाखर आणि तूप, लग्नाच्या रुखवतात घडी घालून ठेवलेला. कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मंडक' येतो. राजा कन्नड मुलखाचा, आणि त्याच ग्रंथात जुन्या मराठीतल्या ओळीही सापडतात. तिकडं मराठीनं 'मनातले मांडे' करून तो पदार्थ भाषेतच ठेवून घेतला. मराठवाड्यात किती जणांनी खरा मांडा खाल्लाय कोण जाणे. बेळगावच्या लग्नात तो अजून मिळतो.

पण सगळ्यात लांबून आली ती मिरची. या भागात 'चटणी' म्हटलं की नारळाची नव्हे, वर्षाची तिखट चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. मार्च-एप्रिलात ऊन तापलं की घराघरांतून मिरच्या वाळत पडतात. देठं काढायची, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला वेगवेगळं भाजून घ्यायचं, कांदा-लसूण तळायचा, आणि सगळं घेऊन कांडपात रांग लावायची. कांडपवाल्याकडं अर्धा तास उभं राहिलं की शिंका, डोळ्यांत पाणी आणि शेजारणीचं प्रमाण, तिन्ही फुकट मिळतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. किती किलोला किती, यावर बहिणीबहिणींत अबोला धरलेला मी पाहिलाय.

ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात. त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी मिरची विकायला येते ती सीमेपलीकडं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजच्या बाजारात. म्हणजे ज्या तांबड्या रश्श्यावर कोल्हापूर छाती काढून चालतं, त्याचा रंग आणि जाळ दोन्हीत कर्नाटकाचा हात आहे. कर्नाटकानंही फार मिरवू नये. मिरची मुळात अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात उतरली. त्याआधी इथलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. शिवाजी महाराजांच्या पणजोबांना तांबडा रस्सा ठाऊक असण्याची शक्यता फार थोडी, हे कोल्हापुरात बोलायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

बटाटाही तसाच, नावासकट पोर्तुगीजांबरोबर आलेला. बेळगावच्या लाल मातीत तो आणि रताळं दोन्ही पोसली. एकादशीचं ताट समोर घ्या: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. सगळ्यांची मुळं अमेरिका खंडात. साबुदाणासुद्धा तिकडच्याच कसाव्याच्या कंदाचा. ताटात जुनी म्हणावी अशी वरी तेवढी. ज्या दिवशी परान्न नको म्हणून आपण उपास करतो, त्या दिवशी परदेशी अन्न सगळ्यात जास्त खातो. आणि ज्याच्यासाठी उपास, त्या विठ्ठलाला संतांनीच कानडा म्हणून ठेवलंय.

तर घराजवळ असं दिसतं: दिवस हट्टी, ताट नमतं. लांब गेलं की हे उलटं होतं.

माझी पुतणी जर्मनीत असते. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी आली. तिच्या शहरातल्या मराठी मंडळींनी गणपती बसवला शनिवारी, कारण सभागृह शनिवारी मिळतं आणि रजा बुधवारी मिळत नाही. तिथं राखण करायला गल्ली नाही, कॅलेंडर मालकाचं. हातात उरतो तो स्वयंपाकघराचा ओटा, मग सगळा हट्ट तिथं एकवटतो. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचं असंच. कोकणातून 1948 नंतर ती गेली, पण नवसाला, लग्नकार्याला संदेष्टा एलियाच्या नावानं मलिदा अजून करतात: पोहे, ओलं खोबरं, गोड, फळं. प्रार्थना हिब्रूत, ताट अलिबागचं.

मॉरिशसला गेलेल्यांचा दिवसही टिकला. 1834 पासून मजुरांची जहाजं तिकडं जाऊ लागली, त्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती. ती वस्तीनं राहिली, म्हणजे गल्लीच बरोबर नेली म्हणा, आणि आज गणेश चतुर्थीला तिथं देशाला सुट्टी असते. जर्मनीत पंचवीस-तीस कुटुंबांना एवढं कुठलं जमायला?

परवा रविवारी वहिनी अंगणात मिरच्यांची देठं काढत बसली होती, फोन मांडीवर उताणा. पलीकडून पुतणीनं गेल्या गणपतीचं पुन्हा सांगितलं, त्या शनिवारी सव्वाशे माणूस होतं, मोदक विकतचे, आरती मोबाईलवर बघून. वहिनी "बरं, बरं" म्हणत राहिली. मग फोन ठेवता ठेवता लेकीनं विचारलं, "आई, ह्या खेपेला संकेश्वरी किती घालणारेस? मागच्या पुड्यातली चटणी नुसतीच लाल होती की."

वहिनीनं पोत्यातनं आणखी दोन मुठी काढून सुपात टाकल्या.