लायप्निट्स–क्लार्क पत्रव्यवहार

लायप्निट्स–क्लार्क पत्रव्यवहार : (१७१५–१६). ईश्वर, अवकाश व काल यांच्या स्वरूपाविषयी जर्मन तत्त्वज्ञ गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स आणि न्यूटनचे स्नेही, इंग्रज धर्मोपदेशक सॅम्युएल क्लार्क यांच्यात झालेला लेखी वाद. दोघांची प्रत्येकी पाच पत्रे आहेत. लायप्निट्सची फ्रेंचमध्ये, क्लार्कची इंग्रजीत. ती वेल्सची राजकन्या कॅरोलाइन हिच्यामार्फत जात-येत.

न्यूटनच्या मताप्रमाणे ईश्वराला आपल्या घड्याळाला, म्हणजे विश्वाला, अधूनमधून किल्ली द्यावी लागते, असा टोमणा लायप्निट्सने पहिल्याच पत्रात मारला. राजावाचून चालणारे राज्य असेल, तर तो राजा नावापुरताच, असे क्लार्कचे उत्तर.

खरी गुंतागुंत ‘सेन्सोरियम’ (संवेदनस्थान) या एका शब्दाची आहे. अवकाश हे ईश्वराचे इंद्रिय आहे असे न्यूटन म्हणतो, हा लायप्निट्सचा आक्षेप. न्यूटनने केवळ उपमा दिली, हा क्लार्कचा बचाव. न्यूटनच्या प्रकाशविज्ञानावरील ग्रंथाचा १७०६ चा लॅटिन अनुवाद खुद्द क्लार्कचाच. त्यातील ३१५ वे पृष्ठ छपाईनंतर कापून बदलण्यात आले व नव्या पानावर ‘टांक्वाम’ (जणू) हा शब्द आला. काही प्रतींत मात्र जुनेच पान राहिले, हे विज्ञानेतिहासकार अलेक्सांद्र क्वारे व आय. बी. कोहेन यांनी १९६१ मध्ये दाखवले. अशीच एखादी प्रत लायप्निट्सच्या पाहण्यात आली असावी, हा त्यांचा तर्क पटण्याजोगा आहे. तसे असेल, तर आक्षेप अगदीच निराधार ठरत नाही.

न्यूटन मानतो त्याप्रमाणे अवकाश निरपेक्ष (वस्तूंवर अवलंबून नसलेला) व सर्वत्र एकसारखा असेल, तर विश्व इथेच का, तिथे का नाही, याला कारण उरत नाही. आणि पुरेशा कारणावाचून ईश्वर काही करीत नाही, असे लायप्निट्स म्हणतो. ईश्वराची इच्छा हेच पुरेसे कारण, असे क्लार्क मानतो. तंतोतंत सारख्या दोन वस्तू नसतात, हे सांगताना लायप्निट्सने चौथ्या पत्रात हॅनोव्हरच्या हेरनहाउझेन बागेतला प्रसंग दिला आहे : राजकन्या सोफीसमोर एक गृहस्थ अगदी सारखी दोन पाने शोधायला निघाले, बरीच धावपळ केली, पण जोडी सापडली नाही.

क्लार्कच्या पत्रांत न्यूटनचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. न्यूटनच्या सल्ल्यावाचून ती लिहिली गेली नाहीत, असे कॅरोलाइनने लायप्निट्सला कळवले होते. तरी सल्ला न्यूटनचा, पण मांडणी क्लार्कची, असे समजणे अधिक सयुक्तिक दिसते. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलस) शोधाचे श्रेय कोणाचे, हा न्यूटन व लायप्निट्स यांच्यातील वाद तेव्हा धुमसत होताच.

लायप्निट्स १४ नोव्हेंबर १७१६ रोजी हॅनोव्हर येथे निधन पावला. क्लार्कचे पाचवे पत्र अनुत्तरित राहिले. क्लार्कने १७१७ मध्ये लंडनला सर्व पत्रे प्रसिद्ध केली. १७२० मध्ये फ्रेंच लेखक पिएर दे मेझोच्या संग्रहात ती ॲम्स्टरडॅमला पुन्हा छापली गेली.